पावसाळ्यातला रविवारचा लाँग रन: आधी रस्ता ठरवा, मग किलोमीटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला कोथरूडला, साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय, दोन महिने हातात आहेत. सपाटीवर एक हाफ झालीय. आता दर रविवारी १४ पासून २० किलोमीटरपर्यंत लाँग रन (आठवड्यातली सगळ्यात लांब धाव) वाढवत न्यायचाय, पण शनिवारी रात्री अंदाज एक सांगतो आणि पहाटे खिडकीबाहेर दुसरंच दिसतं. एका रविवारी धो धो पाऊस बघून झोपलात, तर सात वाजता लख्ख ऊन. पुढच्या रविवारी कोरडं बघून निघालात आणि आठव्या किलोमीटरला कोसळला. मग जायचं की नाही हे ठरवायचं कसं?

माझं उत्तर असं की जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात ‘जायचं की नाही’ हे शनिवारी ठरवायच्या भानगडीत पडू नका, कारण ते ठरत नाही. शनिवारी ठरवायचं ते ‘कुठे’. रस्ता असा निवडायचा की कुठल्याही क्षणी थांबलात तरी दहा मिनिटांत कोरड्या जागी पोचाल. तेवढं केलंत की अंदाज चुकल्याचं फारसं काही वाटत नाही.

याचा अर्थ, पावसाळ्यात एकाच दिशेने नऊ किलोमीटर जाऊन परत यायचं हा प्रकार बंद. एनडीए रोडने खडकवासल्याकडे किंवा पाषाण-सूसकडे बाहेर पडलात की तुम्ही पश्चिमेला, म्हणजे पावसाच्या तोंडात जाता. पुणे पर्जन्यछायेत आहे हे आपण शाळेत शिकतो, पण धावताना विसरतो. शहरातून मुळशीकडे ४० किलोमीटर गेलं की पाऊस कित्येक पट होतो, आणि तो फरक हळूहळू वाढत जाणारा असल्यामुळे दहा-बारा किलोमीटरवरही जाणवतो. कोथरूडला भुरभुर असताना चांदणी चौकाच्या पुढे सडकून पडत असतो. सगळ्यात वाईट हवामान नेमकं घरापासून सगळ्यात लांब असताना, अर्धं अंतर संपलेलं आणि अर्धं उरलेलं असताना गाठतं.

त्याऐवजी तीन-चार किलोमीटरचा लूप शोधा. विद्यापीठाचं आवार त्यासाठी उत्तम. गाड्या कमी, आडोशाला पक्क्या इमारती, आणि गाडी एका जागी लावली की तिच्यातच पाणी, टॉवेल, कोरडा टी-शर्ट. दर लूपला गाडीशी आलात की निर्णय नव्याने घ्यायचा: अजून एक की बास? लूपचा कंटाळा येतो, मान्य. पण साताऱ्याला चढ संपता संपत नाही तेव्हा जे डोकं लागतं ते इथेच तयार होतं. एक मात्र बघा, मोठा वारा सुटला असेल तर जुन्या पर्जन्यवृक्षांखालून आणि गुलमोहराखालून धावायचं टाळा. पुण्यात पावसाळ्यात फांद्या पडतात त्या बहुतेक याच झाडांच्या.

नदीपात्रातला रस्ता पुण्यातल्या धावणाऱ्यांचा आवडता, कारण सपाट आणि सिग्नल नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये तो यादीतून काढून टाका. तिथलं पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही, खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गाने वाढतं. शहरात चांदणं पडलेलं असलं तरी रात्री विसर्ग वाढवला की पहाटेपर्यंत भिडे पूल पाण्याखाली जातो. जायचंच असेल तर झोपण्याआधी विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) आहे हे वाचा. आकडा चढता असेल तर नाव नको.

आता अंदाजाबद्दल. ‘पुणे जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट’ अशी बातमी आली की निम्मे लोक रन रद्द करतात. हवामान खात्याचं मूळ पत्रक उघडून बघा. पुणे आणि सातारा जिल्ह्यांत पुष्कळदा इशारा घाटमाथ्याला वेगळा आणि बाकी भागाला वेगळा असतो. घाटाला ऑरेंज आणि शहराला यलो असेल तर विद्यापीठात लूप मारायला काहीच हरकत नाही. सिंहगड किंवा ताम्हिणीकडे मात्र फिरकायचं नाही. घाटाला रेड असेल त्या दिवशी घाटात धावणं हा शूरपणा नाही, दरड कुणाचा पेस बघत नाही. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, तळीये २२ जुलै २०२१ ला. दोन्ही वेळा सह्याद्रीत जुलैच्या मुसळधार पावसातच डोंगर खाली आला.

दुसरी गोष्ट, ‘जोरदार पाऊस’ म्हणजे खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त. हे २४ तास सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात. तेवढा पाऊस दिवसभर झिरपत पडू शकतो किंवा तासाभरात ओतू शकतो. म्हणून शनिवारचा आकडा बघून रविवारच्या साडेपाच ते साडेआठचं काहीही कळत नाही. पहाटे उठल्यावर रडारचं चित्र आणि पुढच्या तीन तासांचा इशारा, एवढं बघा. रडारवर ढगांचा पट्टा कुठून कुठे सरकतोय हे दोन-तीन चित्रांत दिसतं. मी शनिवारी रात्री फक्त बॅग भरतो. अंदाज बघतो तो चहा उकळत असताना.

विजेचं मात्र वेगळं. पाऊस आणि वीज या दोन गोष्टी लोक एकत्र धरतात. भर जुलैत पश्चिमेकडून येणारा मान्सूनचा पाऊस बहुतेक वेळा मुकाट पडतो. विजा जास्त असतात त्या मे-जूनच्या वळवात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. हे ढग दिवसभर जमीन तापल्यावर उभे राहतात, म्हणून दुपारनंतर आणि संध्याकाळी जास्त गडगडतात. त्या दिवसांत लाँग रन पहाटेच उरकायचा, संध्याकाळवर ढकलायचा नाही. तुमची शेवटची तयारी सप्टेंबरच्या जवळ जाईल, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं मोफत ॲप आहे. आसपासच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडली की ते कळवतं. फोनमध्ये टाकून ठेवा. ॲप नसलं तरी मोजता येतं: लखलखल्यावर आवाज यायला दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्या डोक्यावर असू शकते. रन तिथेच थांबवायचा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं. झाडाखाली, चहाच्या पत्र्याच्या टपरीत, विजेच्या खांबाजवळ थांबायचं नाही. वेताळ टेकडीवर असाल तर आधी उतरायला लागा. माथ्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास थांबायचं. या एका बाबतीत मी कुणाशी चर्चा करत नाही. ग्रुपमधला कुणी ‘अरे, लांब आहे अजून’ म्हणाला तर त्याला लांब जाऊ द्या.

वीज नाही, वारा बेताचा आहे, रस्त्यावर पाणी साचलेलं नाही आणि नुसता पाऊस पडतोय? मग निघा. तुम्ही ज्या स्पर्धेला चालला आहात तिथे पाऊस, धुकं, ऊन आणि परत पाऊस हे सगळं एकाच सकाळी मिळू शकतं. त्यामुळे ओल्या बुटांत दोन तास काढायची सवय लागतेच. २०१८ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये पारा तीन-चार अंशांवर होता, समोरून वारा आणि पाऊस. भले भले व्यावसायिक धावपटू मधेच बाहेर पडले, आणि सरकारी नोकरी सांभाळून धावणारा जपानचा युकी कावाउची २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला. तो हिवाळ्यात, पावसात, जमेल तिथे स्पर्धा धावत राहणारा माणूस होता.

कपड्यांचं फार अवघड नाही. सुती टी-शर्ट नको, भिजला की अंगाला चिकटतो आणि जड होतो. प्लॅस्टिकचा रेनकोट तर अजिबात नको. २३-२४ अंशांत त्याच्या आत तुम्ही उकडून निघाल, पावसाने नाही तर घामाने भिजाल. डोक्याला पुढे चोच असलेली टोपी हवीच. डोळ्यांत पाणी गेलं नाही की निम्मा त्रास संपतो. चष्मा असेल तर टोपीशिवाय निघूच नका. फोन झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, सोबत शंभर रुपयांची एक नोट, परत यायच्या रिक्षासाठी.

पेट्रोलियम जेलीकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग अंघोळीच्या वेळी किंचाळतात. मांड्यांच्या आतली बाजू, काखा, बायकांनी ब्राच्या खालच्या पट्ट्याची रेघ, पुरुषांनी स्तनाग्रांवर जेलीपेक्षा चिकटपट्टी. पायांच्या बोटांच्या मधेही लावा. ओल्या मोज्यात तासाभराने कातडी पांढरी, सुरकुतलेली होते, आणि तशी कातडी लगेच सोलवटते. १५ किलोमीटरच्या वर जाणार असाल तर गाडीत मोज्यांचा दुसरा जोड ठेवा. पाऊस थांबल्यावर लूपच्या शेवटी दीड मिनिट घालवून बदला. मोजे पिळून परत घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पायाखाली काय आहे ते सांगतो, कारण पावसात पडणारे बहुतेक लोक वळणावर पडतात. झेब्रा क्रॉसिंगचे रंगीत पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं, फुटपाथचे शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, पेट्रोल पंपाच्या तोंडाशी सांडलेलं तेल. या चार ठिकाणी पाऊल छोटं टाकायचं आणि दिशा बदलायची नाही. सरळ ओलांडून मग वळायचं. डांबर ओलं असलं तरी पकडतं. पण बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर पहिली सर पडली की त्यावरचं तेल आणि धूळ मिळून पहिला अर्धा तास बुळबुळीत होतं. तेवढा वेळ पेस विसरा.

साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, मग ते घोट्याएवढं का असेना. तळ दिसत नसेल तर खाली खड्डा आहे की उघडं झाकण हे कळत नाही. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, ते रोजच्या ओळखीच्या भागात चालत होते. शिवाय त्या पाण्यात उंदीर, कुत्रे, गुरं यांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. नाइलाजाने जावंच लागलं तर घरी साबणाने पाय धुवा. पायाला चीर किंवा फुटलेला फोड असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. प्रतिबंधक औषध द्यायचं की नाही हे ते ठरवतील, पण ते लवकर घेतलं तरच उपयोगाचं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ‘साचलेल्या पाण्यातून गेलो होतो’ हे सांगायला विसरू नका. आणि पाण्यात उभे असलेले विजेचे खांब, डीपी, होर्डिंगचे सांगाडे यांच्यापासून चार हात लांब राहा.

हे झालं पावसाचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पावसाळ्यात सगळ्यात जास्त त्रास होतो तो मात्र पाऊस पडत असताना नाही, उघडीप मिळाल्यावर. रात्रभर पडून गेलेला असतो, सात वाजता ऊन निघतं, रस्त्यावरून वाफा येतात. तापमान २५ अंश दाखवतं, म्हणून माणूस डिसेंबरसारखा पळायला लागतो आणि बाराव्या किलोमीटरला त्याचा निकाल लागतो. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं आणि पावसाळ्यात तोच माठ काही केल्या गार होत नाही, तसंच शरीराचं. घाम निघून उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. हवेत आधीच ओल भरलेली असली की घाम टपकून वाया जातो, पाणी आणि मीठ जातं आणि अंग तापलेलंच राहतं.

म्हणून तापमानाऐवजी दवबिंदू (हवेत किती ओल आहे ते सांगणारा आकडा) बघा, बहुतेक हवामान ॲपमध्ये तो दिलेला असतो. २० अंशांच्या खाली असेल तर ठीक. २२ च्या वर गेला तर तुमचा नेहमीचा लाँग रनचा पेस विसरायचा. मी साधारण २० ते ३० सेकंद प्रति किलोमीटर हळू सांगतो, चढ असेल तर त्याहून हळू. मुंबईकर याच दवबिंदूत, किंबहुना २४-२५ मध्ये, अख्खा पावसाळा धावतात, म्हणून त्यांचे जुलैचे आकडे बघून पुणेकरांनी त्यांना कमी लेखू नये. घड्याळातला हार्ट रेट त्याच पेसला दर लूपला चढत चालला असेल तर पेस उतरवायचा, हार्ट रेटशी भांडायचं नाही. घड्याळ नसेल तर शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलून बघा. ‘हो’, ‘नाही’वर आलात की वेग जास्त आहे. अंगावर काटा आला, घाम अचानक थांबला किंवा डोकं भणभणायला लागलं तर थांबा, सावलीत जा, डोक्यावर पाणी ओता. बोलण्यात गोंधळ दिसला तर सोबतच्याने त्याला गार पाण्याने भिजवत ठेवायचं आणि लगेच दवाखान्यात न्यायचं. बसवून सरबत पाजत राहायचं नाही.

पाणी किती प्यायचं याला सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही, पण तुमचा आकडा तुम्हाला काढता येतो. निघण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर आधी ओले कपडे काढा, केससुद्धा टॉवेलने पुसा (भिजलेला टी-शर्ट आणि चड्डीच अर्धा किलो भरते), मग परत वजन. एक किलो घटलं तर ढोबळमानाने एक लिटर घाम गेला. वाटेत प्यायलात ते त्यात मिळवा. ६० किलोच्या माणसाचं एक-सव्वा किलो कमी झालं तर चालतं. दोन किलो घटलं तर पुढच्या वेळी जास्त प्या. आणि वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात, रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते तहानेपेक्षा धोकादायक आहे. पावसात तहान लागत नाही पण घाम येतच असतो, म्हणून दर लूपला दोन-चार घोट. दीड तासाच्या पुढे साधं पाणी नको, ओआरएस घ्या. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. अर्धं पाकीट अंदाजाने बाटलीत टाकणारे बरेच दिसतात.

साताऱ्यासाठी चढ हवाच. स्पर्धेत सातारा शहरातून यवतेश्वर घाट चढत कासच्या रस्त्याने वर जायचं आणि त्याच रस्त्याने उतरायचं. खाली उकाडा, वर धुकं आणि वारा. सरावासाठी पश्चिमेच्या घाटांऐवजी बोपदेव घाट बघा. सासवडच्या बाजूला पाऊस कमी, म्हणून बरेच रविवार कोरडे मिळतात. अंधारात आणि एकट्याने जाऊ नका, चार जण मिळून जा. चढ नुसता चढून उपयोग नाही, ओला उतार उतरता आला पाहिजे. पावलं लहान आणि भरभर, टाच पुढे रोवून ब्रेक मारायचा नाही, नजर आठ-दहा फूट पुढे. साताऱ्याला मांड्या पिंजून निघतात त्या उतरतानाच.

वाऱ्याबद्दल एक सांगतो. धावत असताना तुम्ही गरम असता. थांबलात की ओल्या कपड्यांत दहा मिनिटांत कुडकुडायला लागता, २० अंशांतसुद्धा. चीनच्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक थंड पाऊस आणि वारा सुटला आणि २१ धावपटू गारठून गेले. आपल्या घाटात इतकी थंडी पडत नाही, पण पाय मुरगळला आणि चालत उतरायची वेळ आली तर तासभर भिजत जाणार आहे. कमरेला बांधता येईल असा पातळ विंडचीटर घाटात बरोबर ठेवा. संपल्यावर आधी कपडे बदला, मग फोटो काढा, मग पोह्यांच्या गाडीकडे वळा.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, रन बुडाला तर काय. १८ ठरवले होते आणि दहाव्या किलोमीटरला गडगडलं, तर ते दहा झाले. उरलेले आठ सोमवारी ऑफिसआधी जोडायचे नाहीत, पुढच्या रविवारच्या १९ मध्ये मिळवायचे तर मुळीच नाहीत. पुढच्या रविवारी १८ च करा. आठ आठवड्यांत दोन लाँग रन असे अर्धवट राहिले तरी साताऱ्याला काही बिघडत नाही. तेच किलोमीटर वसूल करायला जाऊन पिंढरी धरली तर स्पर्धाच जाते. घरात बसवत नसेल तर सोसायटीचा जिना आहे. ४० मिनिटं चढायचं, उतरताना लिफ्ट घ्यायची, शेवटची दहा मिनिटं मात्र पायांनीच उतरायचं. ट्रेडमिलवर दोन टक्के चढ लावून तासभर चाललं तरी हरकत नाही, पंखा समोर हवा. बूट मात्र दोन जोड लागतीलच. भिजलेल्या बुटांतला इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बोळे बदला आणि पंख्याखाली ठेवा. हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवलेत तर तळव्याचा गोंद सुटतो. एवढं करूनही जुलैत बूट वाळायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणजे रविवारचा जोड मंगळवारी सकाळी मिळेल असं धरून चाला.